केसांना व्हिनेगरचं पाणी: मात्रा तुमच्या नळाला विचारून ठरवा

शाम्पूनंतर केसांवरून सफरचंदाच्या व्हिनेगरचं पाणी घ्यायचं, हे आता बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मात्र मोबाइलवर सापडणारी मात्रा दर ठिकाणी वेगळी असते. कुणी एकास चार भाग पाणी म्हणतं, कुणी एकास दहा, कुणी ‘मगभर पाण्यात दोन झाकणं’ म्हणून मोकळं होतं. व्हिनेगर कोणत्या पाण्यात मिसळायचंय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. सगळी गंमत तिथेच आहे.

नाशिकमध्ये तर एकाच सोसायटीत दोन वेगळी पाणी असतात. मनपाचं पाणी गंगापूर, मुकणे अशा धरणांतून येतं. ते पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी काळ्या बसाल्ट खडकाच्या भेगांतून मुरत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट उचलून आणतं. पाथर्डी फाट्याकडे, अंबडकडे, आडगावच्या बाजूला नव्या इमारतींत स्वयंपाकघराच्या नळाला मनपाचं आणि न्हाणीघरात बोअरचं पाणी अशी विभागणी नेहमीची. उन्हाळ्यात टँकर आला की तोही हिशेब बदलतो. केस राठ झाले, चमक गेली, फणी अडकते, अशी तक्रार नवीन घरात राहायला गेल्यावर सुरू झाली असेल, तर शाम्पू बदलण्याआधी नळाकडे बघा.

हे पाणी करतं काय

केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक चढवलेले खवले असतात. आम्लधर्मी पाण्यात ते घट्ट बसतात, अल्कधर्मी पाण्यात फुगून उघडतात. उघडे खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा: ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. केसाचा स्वतःचा पीएच साधारण ३.७ आणि डोक्याच्या त्वचेचा ५.५ च्या आसपास असतो. अंगाच्या साबणाची वडी ९ ते १० वर असते, म्हणून वडीने केस धुतले की ते करकर वाजतात. बरेच शाम्पूही केसाच्या मानाने अल्कधर्मी बाजूलाच असतात.

दुसरा भाग क्षारांचा. जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम केसाला चिकटून बसतं, आणि साबण वापरला असेल तर त्याच्याशी मिळून पांढरट, न विरघळणारा थर तयार होतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच. सौम्य आम्ल हा थर काही अंशी सैल करतं आणि केसाचा पीएच खाली आणतं. केस मऊ लागतात, विंचरायला सोपे जातात, उन्हात चमकतात. व्हिनेगरचं काम एवढंच, पण एवढं ते नीट करतं. केस वाढवणं, गळती थांबवणं, पांढरे केस काळे करणं हे त्याच्या आवाक्यातलं नाही.

आधी पाणी ओळखा

एक रिकामी, पारदर्शक बाटली घ्या. त्यात कपभर न्हाणीघरातलं पाणी आणि अंगाच्या साबणाचा किसलेला चिमूटभर भुगा घालून वीस वेळा जोरात हलवा. दुसऱ्या बाटलीत तेवढंच आरओचं पाणी घेऊन तसंच करा. आरओच्या बाटलीत वरपर्यंत फेस येईल आणि खाली पाणी जवळजवळ स्वच्छ राहील. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी ताकासारखं गढूळ दिसलं, तर पाणी जड आहे. तूरडाळ शिजायला वेळ लागणं, गीझरच्या कॉइलवर खपल्या धरणं, काचेच्या ग्लासवर पांढरे डाग राहणं याही त्याच खुणा.

आरओ दुरुस्तीला येणाऱ्याकडे टीडीएस मीटर असतं, त्याच्याकडून न्हाणीघराचं पाणी एकदा मोजून घ्या. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, विरघळलेले सगळेच क्षार त्यात मोजले जातात, पण आपल्याकडच्या बोअरसाठी अंदाज बांधायला तो आकडा पुरेसा होतो.

जड पाण्यातलं बायकार्बोनेट व्हिनेगरमधलं आम्ल खाऊन टाकतं. टीडीएस सातशेच्या पुढे असलेल्या पाण्यात तुम्ही लिटरला एक चमचा व्हिनेगर घातलंत, तर त्यातलं जवळजवळ सगळं पाण्याशीच झुंजण्यात संपतं आणि केसापर्यंत काही पोचत नाही. तोच चमचा आरओच्या पाण्यात पुरेसा आंबट होतो. म्हणून एका मैत्रिणीला ‘केस रेशमासारखे झाले’ आणि दुसरीला ‘काही फरक नाही, नुसता वास’ असा अनुभव येतो. दोघींनी एकाच मापाने केलेलं असतं.

मात्रा

आपल्याला मिश्रण पीएच ४ च्या आसपास हवंय. पाच टक्के आम्लतेचं व्हिनेगर धरून एक लिटर पाण्याचा हिशेब असा:

आरओचं पाणी: ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा.
मनपाचं पाणी किंवा टीडीएस १५० च्या आतबाहेर: १५ मिली.
टीडीएस ३०० ते ५००: ३० मिली.
त्याहून वर, खरं जड बोअर: ४५ मिली. याच्या पुढे जाऊ नका, त्यापेक्षा पाणी बदला.

बाटलीवर आम्लता चार टक्के लिहिलेली असेल तर पाव पट वाढवा. १५ च्या जागी १८-१९ मिली.

घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो, बायकार्बोनेट तसंच ठेवतो. फेस छान येतो, टीडीएस मात्र फारसा उतरत नाही, आणि व्हिनेगर पूर्वीइतकंच लागतं. आरओच्या बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याने लादी पुसा, गाडी धुवा, पण केसांसाठी ते घेऊ नका. नळाच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

मापासाठी पोह्याचा चमचा वापरू नका, प्रत्येक घरात त्याचा आकार वेगळा. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारं खुणांचं झाकण उत्तम. तुमचा मग किती लिटरचा आहे तेही पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीने एकदा मोजून बघा. बाजारातले बरेच मग दीड लिटरचे असतात आणि चूक तिथूनच सुरू होते. खात्री हवी असेल तर पीएचच्या पट्ट्या ऑनलाइन किंवा प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. मिश्रणात पट्टी बुडवून रंग ४ च्या जवळ आला की झालं. एकदा बसवलेलं माप पाणी बदलेपर्यंत चालतं. मार्च-एप्रिलमध्ये बोअर खाली गेला किंवा टँकर सुरू झाला, की साबणाची परीक्षा पुन्हा करा.

बाटली विकत घेताना

लेबलवर दोन गोष्टी वाचा: आम्लतेचा टक्का आणि घटक. घटकांत सफरचंदाचं व्हिनेगर आणि पाणी एवढंच हवं. मध, आलं, दालचिनी घातलेलं पिण्याचं व्हिनेगर केसांवर चिकट बसतं. पाण्यात टाकायच्या फसफसत्या गोळ्याही यासाठी नव्हेत.

‘मदर’ असलेलं, गढूळ, महाग व्हिनेगरच हवं का? केसांसाठी नाही. तळाशी तरंगणारा तो धागेदार गोळा म्हणजे आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचं जाळं. दोन मिनिटांत धुऊन टाकायच्या पाण्यात तो काही वेगळं देत नाही, उलट त्याचे तंतू दाट केसांत अडकतात. घरात तेच असेल तर सुती फडक्यातून गाळून घ्या. गाळलेलं, पारदर्शक, साधं व्हिनेगर चालतं आणि स्वस्त पडतं.

चायनीजच्या गाड्यावर दिसतं ते पांढरं व्हिनेगर बहुतेक वेळा अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेलं असतं, आणि तसं असेल तर बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिणं बंधनकारक आहे. आम्ल तेच असल्याने केसांवर परिणामही जवळपास तोच. वास जरा जास्त उग्र, इतकंच. द्राक्षाच्या या जिल्ह्यात द्राक्षाचं व्हिनेगर हाती लागलं तर तेही घ्या, फक्त ते अनेकदा सहा टक्क्यांचं असतं, तेव्हा माप थोडं उतरवा.

लिटरला ३० मिली धरलं तर अर्ध्या लिटरची बाटली सोळा वेळा पुरते. आठवड्याला एकदा वापरली तर जवळजवळ चार महिने.

प्रत्यक्ष कृती

पहिल्यांदा करताना आदल्या दिवशी तयार मिश्रण कापसाने कानामागे लावून पाच मिनिटांनी धुवा. दुसऱ्या दिवसापर्यंत लाली, खाज, आग नसेल तरच पुढे जा. आणि पहिल्या धुण्याला वरच्या मापाच्या निम्मंच व्हिनेगर घ्या.

१. शाम्पूच्या आधी मिश्रण तयार करून हाताशी ठेवा. डोळ्यांत फेस असताना झाकण मोजता येत नाही. खांद्यापर्यंत केसांना अर्धा लिटर, कमरेपर्यंतच्या दाट केसांना एक ते दीड लिटर लागतं. आधी पाणी, मग व्हिनेगर, मग ढवळणं. पाणी कोमट ते गार असावं.

भांडं प्लॅस्टिकचं, काचेचं किंवा स्टीलचं घ्या. तांब्या-पितळेच्या घंगाळात व्हिनेगर नको, आम्लाने तांबं सुटून पाण्यात उतरतं. टोकदार तोंडाची, सॉसची असते तशी पिळायची बाटली सगळ्यात सोयीची: पाणी हवं तिथे जातं, डोळ्यांत उतरत नाही.

२. शाम्पू करा. केसांना तेल लावलेलं असेल तर दोनदा, कारण व्हिनेगर तेल काढत नाही. रविवारी सकाळी चंपी करून शाम्पूचा एकच हात मारला आणि वरून व्हिनेगर ओतलं, तर केस तेलकटच राहणार, दोष मात्र व्हिनेगरला.

३. शाम्पू पूर्ण निघेपर्यंत धुवा. मानेवरचे आणि कानामागचे केस बोटांनी उघडून पाणी घ्या. ही पायरी बहुतेक जण घाईत उरकतात, आणि मग काय होतं ते पुढे सांगितलंय.

४. केस हलके पिळा. निथळतं पाणी राहिलं तर मिश्रण पातळ होतं.

५. डोकं मागे झुकवा, डोळे मिटा. कपाळाच्या रेषेपासून मागे सावकाश ओता. लांब केस असतील तर स्टुलावर बसून डोकं बादलीवर वाकवा, खाली जमलेलं पाणी मगाने पुन्हा दोनदा केसांवरून घ्या. निम्म्या मिश्रणात काम होतं. टोकांना जास्त द्या, कारण सगळ्यात जुने आणि राठ केस तेच. डोक्याची त्वचा नाजूक असेल तर कानाच्या पातळीखालीच ओता, त्वचेला लावायलाच हवं असं काही नाही.

६. एक ते दोन मिनिटं थांबा. चोळू नका, बोटांनी नुसते केस सरळ करा. दहा मिनिटं ठेवल्याने जास्त फायदा होत नाही, त्वचा कोरडी पडते एवढंच.

७. साध्या पाण्याने धुवा. बोअरचं पाणी असेल तर इथे एक युक्ती: शेवटचा मग आरओच्या किंवा पिण्याच्या पाण्याचा ठेवा. नाहीतर आत्ता काढलेले क्षार त्याच मगाने परत केसांवर बसतात. अर्धा ते एक लिटर पुरतं.

८. पंचाने किंवा जुन्या सुती टी-शर्टने टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. वास केस वाळेपर्यंत राहतो, मग उडून जातो. वाळल्यावरही येत असेल तर धुणं अपुरं झालंय.

कंडिशनर लावत असाल तर व्हिनेगर धुतल्यानंतर, फक्त टोकांना. बऱ्याच जणींना त्या दिवशी त्याची गरज वाटत नाही, ओल्या केसांतूनच रुंद दातांची फणी सरकते.

शेवटी लादीवर दोन मग पाणी ओता. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या मोरीत शहाबादी फरशी असते, काही न्हाणीघरांत कोटा किंवा संगमरवर. हे सगळे दगड चुन्याचे. व्हिनेगरचं पाणी त्यांवर साचून राहिलं तर मंद, खरखरीत डाग पडतो आणि तो घासून जात नाही. सिरॅमिक टाइल्सना काही होत नाही.

आणि एक सूचना, जी हलक्यात घेऊ नये: त्याच दिवशी न्हाणीघर ब्लीचने धुतलं असेल तर लादी भरपूर पाण्याने स्वच्छ झाल्याशिवाय तिथे व्हिनेगर ओतू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद, लहान खोलीत तो श्वास कोंडवतो.

किती वेळा

जड पाणी आणि शाम्पू असं गणित असेल तर आठवड्यातून एकदा. मनपाचं पाणी असेल तर पंधरा दिवसांनी एकदा पुरे. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा येतो आणि त्वचा आधीच फुटलेली असते, तेव्हा आणखी कमी करा.

शिकेकाई किंवा रिठ्याने न्हात असाल तर याची गरज फारशी नाही. दोन्हींचं पाणी मुळात सौम्य आम्लधर्मी असतं. आजीच्या केसांना व्हिनेगर न लावताच चमक होती ती म्हणूनच, आणि आडाचं पाणी असेल तर शेवटी आंबट ताक लावण्याची पद्धतही त्याच कामाची. फक्त दुकानातली ‘शिकेकाई साबण’ ही वडी वेगळी, ती साबणच आहे. तिच्यानंतर व्हिनेगरचं पाणी खरोखर उपयोगी पडतं.

बिघडतं कुठे

केस मेणचट, चिकट झाले. सगळ्यात जास्त येणारी तक्रार. कारण तिसरी पायरी. केसांत साबण राहिला असेल तर आम्ल त्याचं विघटन करून त्यातली चरबीची आम्लं मोकळी करतं, आणि ती पाण्याने निघत नाहीत. वडीने न्हाणाऱ्यांना हे हमखास होतं. उपाय: पुन्हा शाम्पू, नीट धुणं, मग व्हिनेगर. व्हिनेगर वाढवून हे सुटत नाही, वाढतं.

पहिल्या दोन-तीन वेळा छान वाटलं, मग केस कोरडे, टोकं तडकलेली. मात्रा जास्त किंवा वारंवारता जास्त. महिनाभर थांबा आणि निम्म्या मापाने पंधरवड्यातून एकदा सुरू करा.

काहीच फरक नाही. एक तर तुमचं पाणी आधीच मऊ आहे आणि केसांवर काढण्यासारखं काही नाही, किंवा पाणी इतकं जड आहे की मिश्रणात आम्ल उरत नाही. पीएचची पट्टी लावली की कोणतं कारण आहे ते लगेच कळतं. तिसरं कारण सिलिकॉनचं: सीरम आणि काही कंडिशनरमधला तो थर व्हिनेगरने निघत नाही, त्याला चांगला शाम्पूच लागतो.

डोक्याला आग. लगेच भरपूर गार पाण्याने धुवा. लाली तासाभरात गेली नाही, फोड आले किंवा साल निघू लागली तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. न मिसळलेलं व्हिनेगर कापसाने थेट त्वचेला लावून भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. ‘थोडंच आहे, तसंच लावते’ हे नको. डोळ्यांत गेलं तर नळाखाली डोळे उघडे धरून पंधरा मिनिटं धुवा. नंतरही झोंबत राहिलं तर डॉक्टर.

बेकिंग सोड्याने धुऊन मग व्हिनेगर, ही जोडगोळीही बरीच फिरते. सोडा खवले उघडतो, नंतर आम्ल ते मिटवायला बघतं. दर आठवड्याला केसांची ही ओढाताण करण्यात अर्थ नाही. दोन्ही एकत्र केले तर फसफस छान दिसते, पण एकमेकांना मारून खाली उरतं ते खारट पाणी.

मिश्रण करून आठवडाभराचं ठेवणं. बाटलीतलं मूळ व्हिनेगर वर्षभर टिकतं. नळाचं पाणी मिसळलं की ती हमी संपते. दर वेळी ताजं करा, दोन मिनिटांचं काम आहे.

कुणी करू नये

डोक्यावर जखम, फोड, इसब, सोरायसिस असेल तर नको. ‘आंबट पाण्याने खाज थांबते’ हा सल्ला इसब असलेल्यांना सर्रास दिला जातो. २०१९ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ०.५ टक्के आम्लतेचं सफरचंदाचं व्हिनेगर हातांवर वापरून पाहिलं. इसब असलेले अकरा आणि नसलेले अकरा, अशा २२ जणांनी दोन आठवडे रोज दहा मिनिटं एक हात त्यात बुडवला. त्वचेच्या संरक्षक थरात सुधारणा दिसली नाही आणि १६ जणांना त्वचेला त्रास झाला. आपलं लिटरला ३० मिलीचं मिश्रण त्याच्या एक तृतीयांशाहूनही सौम्य आहे आणि दोन मिनिटांत धुतलं जातं, तरी सुजलेल्या त्वचेवर प्रयोग करू नये.

लहान मुलांना याची गरज नसते. उवांसाठीही हे नाही. उवा आणि लिखा व्हिनेगरने मरत नाहीत, त्याला औषधी लोशन आणि बारीक दातांची फणीच हवी. कोंड्याच्या बाबतीत: साबणाचा, क्षारांचा पांढरा भुगा असेल तर तो कमी होईल, पण खरा कोंडा त्वचेवरच्या बुरशीशी निगडित असतो, त्याला किटोकोनाझोलसारखा औषधी शाम्पू लागतो. महिनाभर व्हिनेगर ओतत बसलात तर महिना जातो, कोंडा राहतो.

मेंदी लावली असेल तर रंग पक्का व्हायला दोन दिवस जातात. त्या आठवड्यात व्हिनेगर राहू द्या. स्मूदनिंग किंवा केराटिन केलं असेल तर पार्लरमध्ये विचारून घ्या.

घरी व्हिनेगर करायचं असेल तर

श्रावण-भाद्रपदात हिमाचल-काश्मीरची सफरचंदं उतरतात. तेव्हा साली आणि गाभे फेकण्याऐवजी वापरता येतात. चकाकणाऱ्या फळांवर मेण लावलेलं असतं, ती आधी कोमट पाण्यात चोळून धुवा.

पाच-सहा सफरचंदांच्या साली-गाभे मोठ्या काचेच्या बरणीत घाला. बरणी पाऊण भरेल इतके हवेत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ५० ग्रॅम साखर विरघळवून ओता. तोंडाला दुपदरी सुती फडकं रबराने बांधा, झाकण नको, हवा लागते. चिलटं आत शिरता कामा नयेत. रोज एकदा स्वच्छ, कोरड्या चमच्याने ढवळा. तरंगणाऱ्या साली वर राहिल्या तर त्यांवर बुरशी धरते, म्हणून काचेच्या लहान वाटीने त्या पाण्याखाली दाबून ठेवा. दोन ते तीन आठवड्यांत बुडबुडे थांबतात आणि वास दारूसारखा येतो. गाळा, चोथा टाका आणि पाणी त्याच फडक्याखाली आणखी चार ते सहा आठवडे राहू द्या. ओट्याखालची सावलीची, उबदार जागा चांगली. थंडीत लावलं तर वेळ दीडपट धरा.

वर पांढरट, बुळबुळीत पापुद्रा आला तर ते ‘मदर’, काळजी नको. हिरवा, काळा किंवा लव आलेला थर दिसला तर सगळं ओतून द्या, वरचं काढून खालचं वापरणं नको.

एवढ्या साखरेतून आम्लता जास्तीत जास्त तीन टक्क्यांच्या आसपास जाते, अनेकदा त्याहून कमी. म्हणजे दुकानातल्या मापाने घातलं तर ते अपुरं पडणार. किती तीव्र झालंय ते असं तपासा: दोन लाल जास्वंदीची फुलं अर्ध्या कप गरम पाण्यात भिजवून रंग काढा. कपभर पाण्यात एक चहाचा चमचा खायचा सोडा विरघळवा. दोन पांढऱ्या वाट्यांत या सोड्याच्या पाण्याचा एकेक चमचा आणि जास्वंदीच्या रंगाचा एकेक चमचा घ्या, रंग हिरवट होईल. आता एका वाटीत दुकानातलं व्हिनेगर ड्रॉपरने थेंब-थेंब टाकत ढवळा आणि रंग गुलाबी होऊन टिकेपर्यंत थेंब मोजा. साधारण ३५ च्या आसपास लागतील. दुसऱ्या वाटीत त्याच ड्रॉपरने घरचं व्हिनेगर टाका. सत्तर थेंब लागले तर तुमचं व्हिनेगर निम्म्या ताकदीचं आहे, आणि लिटरला १५ च्या जागी ३० मिली घ्यायचं.

व्हिनेगर संपलंय आणि केस तर आजच धुवायचेत, अशा वेळी लिंबू चालतं. मनपाच्या लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा रस, बारीक फडक्यातून दोनदा गाळलेला, कारण गराचे कण केसांत वाळले की कोंड्यासारखे दिसतात. नीट धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं, तर मानेवर, कपाळावर काळसर चट्टे उठतात, आणि ते जायला आठवडे लागतात.